गहाळ

फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा असतो,
दुसरा गरम पाण्याचा,
आणि बाई एकटी असली की तिसरा
जरा थांबून येतो:
तिकडं सेफ आहे ना?

अगदी, मी म्हणते. रामकुंड पाच मिनिटांवर.
बारा वर्षं पंचवटीतल्या या लॉजच्या काउंटरवर
'अगदी' हा शब्द मी किल्लीसारखा
खिळ्यावरून काढून देते.
जाताना तो कुणी जमा करत नाही.

गांगुर्डे हवालदार रात्री दहाला येतात.
रजिस्टरवर सही, अर्धा चहा.
म्हणतात, या महिन्यात अकराने खाली.
काय?
चोऱ्या हो, ताई.

त्या कुठं जातात मला माहीत आहे.
चौदा नंबरच्या इंदूरच्या बाईंनी
पाटल्या काढून लुगड्यात गुंडाळल्या, पायरीवर ठेवल्या,
नवऱ्याच्या नावानं तीन बुड्या मारल्या.
तिसरीनंतर नुसतं लुगडं होतं.
चौकीत मी सोबत गेले.
गांगुर्डेंनी पेन झटकलं, लिहिलं: गहाळ.
चोरी लिहिली तर चोर शोधावा लागतो,
गहाळ लिहिलं की गोदावरीवर भागतं.
म्हणाले, पोरं दोरीला चुंबक बांधून रोज नाणी ओढतात,
निघेल एखाद्या दिवशी पाटलीपण.
सोनं चुंबकाला लागत नाही, मी म्हणाले.
ते हसले.
ताई, तुम्ही खात्यात पाहिजे होता.

पुराचं बरं आहे.
दुतोंड्या मारुती उभाच आहे मोजायला.
गुडघ्याला पाणी, कमरेला, छातीला,
त्याच्याकडं बघून भांडीवाले माल वर चढवतात.
भीतीसाठी असं कुणी उभं केलेलं नाही.
दिवसपाळी लांबली की पावणेबाराला
मी दिंडोरी नाक्यापर्यंत चालत जाते,
कुलपाच्या किल्लीचं टोक
दोन बोटांच्या फटीतून बाहेर काढून.
काही होत नाही. आजवर कधीच काही झालं नाही.
तळहातावर किल्लीचा वळ उठतो,
सकाळपर्यंत तोही गहाळ.

सोमवारी रात्रपाळी होती.
सहा नंबरला एक मुलगी,
आधार कार्डावर नेत्रा इंगळे, अकोला,
वडिलांच्या अस्थी कापडी पिशवीत.
गुरुजी साडेसहाचे ठरलेले,
तिला त्याआधी घाटावर नुसतं बसायचं होतं.
पहाटे साडेचारला विचारलं, जाऊ ना एकटी?
अगदी.
ती गेली आणि मला बसवेना.
शटर अर्धं ओढून निघाले,
पन्नासेक पावलं मागं राहून.
हाक मारायची तर काय म्हणून?
माझाच शब्द खोटा पडला असता.

सरदार चौकात ती थबकली. मीही.
ती भरभर चालू लागली. मीही.
कपालेश्वरापाशी तिनं पिशवी छातीशी धरली
आणि पळाली.
आणि मी, सुजल्या घोट्याची,
तिला काही होऊ नये म्हणून
तिच्या मागं पळाले.

सातला चौकीतून फोन: तुमच्याकडची मुलगी आहे, या.
ती स्टुलावर बसलेली, पिशवी मांडीत.
कुणीतरी पाठलाग केला, सांगत होती.
उंच होता. जाड तळव्याच्या चपला.
मी पाय बाकाखाली ओढले.
मला बघून ती रडली, माझा हात धरला,
किल्लीच्या वळावरच तिचा अंगठा.

गांगुर्डेंनी पेन काढलं. बराच वेळ झटकलं.
पावलांना गहाळ म्हणता येत नव्हतं.
काय करायचं ताई?
लिहा, मी म्हणाले.
आणि त्यांनी लिहिलं, ठळक, एका दमात:
पाठलाग. अनोळखी इसम.
अकराचे दहा झाले.

साडेसहाचे गुरुजी आठ वाजता भेटले.
अस्थी सोडताना मी तिच्या शेजारी होते,
या वेळी शेजारी.

संध्याकाळी साताऱ्याहून फोन आला.
भाडं विचारलं. गरम पाणी विचारलं.
मग ती बाई जरा थांबली.
मीही.